मंचावरच्या ल्यूटसाठी माइक घ्यावा की पिकअप?

ल्यूट म्हणजे वाटीसारख्या गोल पाठीचं, बोटांनी छेडायचं जुनं युरोपीय तंतुवाद्य. त्याचा आवाज मोठा करण्यासाठी म्हणून खास बनवलेली साधनं जवळजवळ नाहीतच. मिळतात ती गिटार, व्हायोलिन, चेलो डोळ्यांपुढे ठेवून बनवलेली. त्यामुळे कोणत्याही साधनाबद्दल पहिला प्रश्न ‘आवाज कसा आहे’ हा नसतो. ते ल्यूटवर बसतं का, हा असतो. बरीचशी साधनं इथेच बाद होतात.

निकाल आधीच सांगतो, कारणं पुढे येतीलच. चांगला क्लिप माइक श्रोत्यांच्या स्पीकरसाठी घ्या, आणि साधा चिकटवायचा पिकअप (वाद्याची कंपनं थेट उचलणारं साधन) फक्त वादकाच्या मॉनिटरसाठी, म्हणजे त्याला स्वतःचं वादन ऐकवणाऱ्या स्पीकरसाठी. एकाच साधनाकडून दोन्ही कामं करून घ्यायला गेलं की एक तर स्पीकरचा आवाज पुन्हा त्यात शिरून शिटी वाजते, नाहीतर ल्यूट गिटारच्या स्वस्त नकलेसारखा ऐकू येतो.

गिटारची साधनं इथे का चालत नाहीत ते ल्यूटच्या बांधणीत आहे. ल्यूटची तबली दीड ते दोन मिलिमीटर जाडीची असते. पाठ पातळ लाकडी पट्ट्या जोडून केलेली, वाटीसारखी गोल. घोडी तबलीवर सरसाने चिकटवलेली, आणि तारा थेट तिलाच बांधलेल्या. गिटारच्या घोडीवर हाडाची पट्टी असते आणि तिच्याखाली पिझोची (दाबाचं, कंपनाचं विजेत रूपांतर करणारी) फीत सरकवता येते. ल्यूटला ती पट्टीच नाही, म्हणून तो सगळा प्रकार बाद. तारा तातीच्या (जनावराच्या आतड्याच्या), नायलॉनच्या किंवा कार्बनच्या असल्यामुळे चुंबकीय पिकअपला त्या कळतच नाहीत. खर्जाच्या काही तारांवर तांब्याचं वेटोळं असतं, पण तांबंही त्या चुंबकाच्या उपयोगाचं नाही. राहिला आतून बसवायचा पिकअप. ल्यूटची जाळी, म्हणजे तबलीतलं नक्षीदार छिद्र, वेगळी बसवलेली नसते, ती तबलीतच कोरलेली असते. तिच्यातून हात आत जात नाही. के अँड के कंपनीचा प्युअर मिनी हा तीन चकत्यांचा पिकअप गिटारमध्ये घोडीखाली आतून चिकटवतात आणि तिथे तो उत्तम वाजतो. ल्यूटमध्ये तो बसवायचा तर तबली उघडावी लागेल. एखादा वाद्यकार नवा ल्यूट घडवत असेल तर त्याला तेव्हाच सांगावं. घडलेला ल्यूट एवढ्यासाठी उघडू नये.

डीपीए ४०९९

क्लिप माइकांत पहिलं नाव याचंच येतं, आणि ते योग्य आहे. लवचीक दांड्याच्या टोकाला छोटा सुपरकार्डिऑइड (मुख्यतः समोरचा आवाज घेणारा) कंडेन्सर माइक, मायक्रोडॉट जोडणी, अडॅप्टर लावला की ४८ व्होल्टच्या फँटमवर (मिक्सरकडून माइकच्याच केबलमधून येणाऱ्या विजेवर) चालतो. हा दोन संवेदनशीलतांमध्ये मिळतो आणि इथे घाई करू नये. ल्यूटसाठी जास्त संवेदनशील, म्हणजे ६ मिलिव्होल्ट प्रति पास्कलचा प्रकार घ्यावा. दुसरा २ मिलिव्होल्टचा प्रकार ट्रम्पेट आणि ड्रमसाठी आहे. फरक केवळ पातळीचा नाही. पहिल्याचा स्वतःचा खरखराट सुमारे २३ डेसिबल, दुसऱ्याचा सुमारे २८. ट्रम्पेटसमोर हे पाच डेसिबल कुणाला जाणवणार नाहीत. ल्यूटच्या हळुवार आलापीत मात्र गेन वर नेला की मागची सळसळ ऐकू येते.

आवाज नैसर्गिक आहे. ल्यूटवर जोडीजोडीने बांधलेल्या दोन तारांमधला बारीक फरक, बोटाच्या मांसाने छेडल्याचा गोलावा, सूर विझत जातानाची शेपटी, हे सगळं पोचतं. कोणताही पिकअप हे देत नाही.

अडचण बसवण्याची. गिटारची क्लिप वाद्याची तबली आणि पाठ दोन्हीकडून धरते. ल्यूटला सपाट पाठच नसल्यामुळे खालचा जबडा वाटीवरून घसरतो. जोर करून बसवली तर तबलीच्या काठावरची चर्मपत्राची किंवा कापडाची नाजूक पट्टी दबते, क्वचित सुटतेही. व्हायोलिनची क्लिप वाद्याच्या दोन्ही कडा धरते, तिला ल्यूटची रुंदी झेपत नाही. चेलोची क्लिप घोडीमागच्या तारांमध्ये अडकते, आणि ल्यूटच्या तारा तर घोडीवरच संपतात. क्लिपच्या बाबतीत ल्यूटवाल्याला जुगाड करावाच लागतो.

चालणारे जुगाड दोन. पहिला असा: तीन-चार सेंटिमीटर रुंदीचा, आतून मऊ कापड असलेला वेल्क्रोचा पट्टा मानेच्या मुळाशी, जिथे ती वाटीला मिळते तिथे गुंडाळायचा, आणि त्यावर दांड्याचा धारक बसवायचा. पट्टा पडद्यांवर (सूर ठरवण्यासाठी मानेभोवती बांधलेल्या दोऱ्यांवर) येऊ देऊ नका. शेवटचा बांधलेला पडदा त्याने सरकला की त्या पडद्यावरचे सगळे सूर बेसूर होतात. दुसरा जुगाड: लहान जड बुडाचा स्टँड समोर ठेवून त्याला धारक लावायचा आणि माइक तबलीसमोर आणायचा. यात ल्यूटला काहीच स्पर्श होत नाही, मात्र वादकाला हलता येत नाही. पाऊलपाट वापरून स्थिर बसणाऱ्यांना हा बरा. पट्टा बांधून, कलत-डोलत वाजवणाऱ्यांना पहिला.

माइक कुठे रोखायचा? जाळीवर नको. तिथे पोकळीतल्या हवेचा घुमारा एवढा असतो की खर्जाचे एक-दोन सूर ढोलासारखे फुगतात आणि शिटीही तिथूनच सुरू होते. उजव्या हाताजवळही नको. ल्यूट वाजवताना करंगळी तबलीवर टेकलेली असते, तिची टकटक आणि बोटांचं घासणं पुढे येतं. जाळी आणि मान यांच्या मधल्या भागावर, बारीक तारांच्या बाजूने, ८ ते १२ सेंटिमीटर उंचीवरून माइक घोडीच्या दिशेने तिरका ठेवला की समतोल साधतो. आवाज जाड वाटला तर माइक दोन सेंटिमीटर लांब न्या. पातळ आणि कडक वाटला तर जाळीकडे थोडा झुकवा. इक्वलायझरला हात लावण्याआधी हे करायचं. अंतर दुप्पट केलं की ल्यूटचा थेट आवाज सहा डेसिबलने घटतो आणि तेवढीच शिटीपासूनची सुरक्षितता जाते, म्हणून सुंदर आवाजाच्या मोहात ३० सेंटिमीटरवर जाऊ नका.

स्टँडवरचे माइक

सभागृह लहान, श्रोते शांत, सोबत फार तर गायक किंवा व्हायोल (गजाने वाजवायचं जुनं वाद्य) असेल तर न्यूमन केएम १८४ किंवा शूर एसएम८१ यांच्यासारखा लहान डायफ्रॅमचा कंडेन्सर क्लिप माइकपेक्षा सरस ठरतो. केएम १८४ चा स्वतःचा खरखराट १३ डेसिबल, एसएम८१ चा १६. पण त्यांना २५-३० सेंटिमीटर अंतर लागतं आणि मंचावर मॉनिटर असेल तर तेवढं अंतर परवडत नाही. ढोलकं, बेस, की-बोर्ड यांच्यासोबत तर विचारच करू नका: ल्यूटच्या माइकमधून ल्यूटपेक्षा ढोलकंच जास्त जाईल.

चिकटवायचे पिकअप

एकेजी सी४११ पीपी हा छोटा कंपन-पिकअप कंडेन्सर तत्त्वाचा आहे, थेट माइकच्या एक्सएलआर केबलवर आणि फँटमवर चालतो, सोबत चिकटवायची पुटी मिळते. के अँड के ट्विन स्पॉटचा बाहेरून लावायचा प्रकार म्हणजे दोन पिझो चकत्या आणि एक जॅक, बॅटरी नाही. शर्टलरच्या डीवायएन मालिकेतले पिकअप कॉइलवाले आहेत. त्यांना पिझोचे इम्पीडन्सचे प्रश्न येत नाहीत.

आवाजाच्या क्रमाने शर्टलर पुढे, मग सी४११, मग पिझो. सोयीच्या क्रमाने सी४११ पहिला, कारण तो सोडून बाकी काही आणावं लागत नाही. पिझोला पुढे चांगला डीआय (पिकअपचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी डबी) लागतो आणि तो धरला की स्वस्ताई बरीच संपते. तिघांचाही आवाज माइकशेजारी कोरडा वाटतो: छेडल्याचा ठोका पुढे, हवा मागे. मॉनिटरमध्ये वादकाला सूर आणि लय कळण्यापुरतं हे भरपूर आहे.

खरा धोका वेगळाच आणि तो फार कमी ठिकाणी लिहिलेला दिसतो. ल्यूटच्या तबलीवर बहुधा वार्निश नसतं, असलं तरी अगदी पातळ. उघड्या स्प्रूसवर पुटी लावली की तिच्यातलं तेल लाकडात मुरतं आणि कायमचा काळसर डाग पडतो. काढताना लाकडाचे मऊ तंतूही ओढले जातात. वार्निश केलेल्या गिटारवर बिनधास्त वापरता येणारी पुटी इथे तबलीला लावायचीच नाही. घोडीचं लाकूड कठीण असतं. तिच्या तारा न बांधलेल्या टोकावर, जागा असेल तर, अगदी लहानशी चकती बसते. मात्र ल्यूटची घोडी हलकी असते. तिच्यावर जड पिकअप लादला की वाद्याचा मूळ आवाजच दबतो, वरचे सूर आधी. दुसरी जागा म्हणजे वाटीची वार्निश केलेली पट्टी, घोडीच्या मागे, वादकाच्या अंगाला न लागणारी. इथे पातळी कमी मिळते आणि खर्ज जास्त, पण मॉनिटरपुरतं चालतं. पुटीचा गोळा हरभऱ्याएवढा पुरे. जाड थर ठेवला तर तो कंपनं शोषून घेतो आणि आवाज मेल्यासारखा येतो. वाजवून झाल्यावर खेचून काढू नका, पिकअप हळूहळू पिळत सोडवा. वाटीच्या पट्ट्या पातळ असतात आणि त्यांचे सांधे फक्त सरसावर उभे असतात.

तार पिकअपपासून निघाली की तिला लगेच पट्ट्याला किंवा मानेच्या मुळाशी सैल बांधावं. मोकळी लोंबणारी तार वाटीला घासते आणि ते घासणं स्पीकरमध्ये गडगडतं. उजव्या हाताचा कोपरापुढचा भाग जिथे काठावर टेकतो, तिथून पिकअप दूर ठेवा. बाहीची सळसळही ऐकू येते.

पिझो असेल तर डीआयवर कंजूषी नको

‘पिकअप पातळ वाजतो, खर्जच येत नाही’ ही सर्वांत सामान्य तक्रार. दहात नऊदा दोष पिकअपचा नसतो, तो पुढे जिथे जोडला आहे त्याचा असतो. पिझो चकती विजेच्या दृष्टीने कपॅसिटर असते. पुढच्या यंत्राचा इनपुट रोध आणि ही कपॅसिटी मिळून खालचे सूर कापणारी चाळणी तयार होते. हिशेब सोपा आहे. चकती १५ नॅनोफॅरडची धरली आणि मिक्सरच्या १० किलोओमच्या लाइन इनपुटला थेट लावली तर सुमारे १०६० हर्ट्झच्या खालचं सगळं घसरायला लागतं, म्हणजे ल्यूटचे जवळजवळ सगळे मूळ सूर. १४० किलोओमच्या आसपास इनपुट असलेल्या साध्या पॅसिव्ह डीआयने ही सीमा ७६ हर्ट्झवर येते, चालून जातं. १ मेगाओमला ती ११ हर्ट्झच्या खाली जाते, प्रश्न मिटला.

पण चकती लहान असेल, समजा २ नॅनोफॅरडची, तर १ मेगाओमलाही सीमा ८० हर्ट्झवर राहते. सहा जोड्यांच्या रेनेसान्स ल्यूटला याने काही होत नाही. थिऑर्बोचा, म्हणजे लांब मानेच्या खर्जाच्या ल्यूटचा, खर्ज मात्र अर्धा गायब. अशा वेळी १० मेगाओम हवेच. लहान चकतीला लांब केबलही सोसत नाही. मीटरला सुमारे १०० पिकोफॅरड धरले तर पाच मीटर केबलमध्ये जवळजवळ दोन डेसिबल पातळी जाते. डीआय वादकाच्या पायाशी ठेवा, मिक्सरपाशी नको.

एलआर बॅग्जचा पॅरा अकूस्टिक डीआय इथे फार उपयोगी आहे: १० मेगाओम इनपुट, खाचेसारखी अरुंद कपात करणारा नॉच, मध्यसप्तकाचा सरकता इक्वलायझर, ध्रुवता उलटवण्याची कळ, ९ व्होल्ट बॅटरी किंवा फँटम दोन्हींवर चालतो. बटणं लहान आहेत आणि अंधारात कोणतं कुठे आहे ते कळत नाही. आधी नीट करून त्यांच्या जागांचा फोटो काढून ठेवावा. रेडिअलच्या पीझेड-डीआयवर रोध निवडता येतो, २२० किलोओम, १ किंवा १० मेगाओम.  इक्वलायझरच्या बाबतीत बॅग्ज पुढे, बांधणीत रेडिअल.

टोनडेक्स्टर या यंत्राचा उल्लेख वेगळा करायला हवा. वाद्याच्या आवाजाच्या तयार प्रतिमा देणारी बहुतेक यंत्रं गिटारच्या प्रतिमा देतात, ल्यूटवर त्या लावल्या की वाद्य ओळखू येत नाही. टोनडेक्स्टर स्वतःच्याच वाद्यावरून शिकतो. पिकअप आणि चांगला माइक दोन्ही जोडून शांत खोलीत थोडा वेळ वाजवायचं, तो दोन्हींतला फरक मोजून साठवतो, आणि मंचावर फक्त पिकअप लावून माइकच्या जवळ जाणारा आवाज देतो. शिकवताना खर्जापासून टिपेपर्यंत सगळ्या जोड्या वाजवल्या नाहीत तर जो भाग वाजला नाही तो नंतर खोटा वाटतो. आणि पिकअप दुसऱ्या जागी चिकटवला की पुन्हा शिकवावं लागतं, म्हणून वाटीवर जागेची खूण हवी. मोठ्या आवाजाच्या वाद्यवृंदात ल्यूट बसवायचा असेल तर घेण्यासारखा. एकल वादनाला याची गरज नाही.

मंचावर जोडताना

मॉनिटर कुठे ठेवायचा हे माइकच्या जातीवर ठरतं आणि इथे बहुतेक जण चुकतात. केएम १८४ सारखा कार्डिऑइड माइक बरोबर मागून सर्वांत बहिरा असतो, तेव्हा मॉनिटर त्याच्या थेट पाठीमागे ठेवायचा. ४०९९ सुपरकार्डिऑइड आहे. तो थेट मागचा आवाज सुमारे ११ डेसिबलच कमी करतो, सर्वांत बहिरा असतो तो समोरच्या रेषेपासून सुमारे १२६ अंशांवर. म्हणजे मागच्या रेषेपासून पन्नासेक अंश बाजूला. आणि ही रेषा माइकच्या तोंडाची धरायची, वादकाच्या तोंडाची नव्हे. मानेकडून घोडीकडे तिरका रोखलेला माइक असेल तर दोन्हींत बराच फरक पडतो.

खालचे अनावश्यक सूर कापणाऱ्या हाय-पासचा आकडा वाद्यानुसार बदलतो. जी सुरातल्या सहा जोड्यांच्या ल्यूटचा सर्वांत खालचा सूर ९८ हर्ट्झ, तिथे ८० हर्ट्झवर हाय-पास बिनधास्त लावा. आठ जोड्यांचा ल्यूट डी पर्यंत उतरत असेल तर तो सूर ७३ हर्ट्झचा, हाय-पास ६० वर आणा. तेरा जोड्यांच्या बरोक ल्यूटचा खालचा ए, वाद्य ए = ४१५ हर्ट्झच्या (आजच्या ४४० पेक्षा खालच्या) पट्टीला लावलं असेल तर ५२ हर्ट्झ. तिथे ४० च्या वर जाऊ नका. साउंडवाले सवयीने सगळ्याच तंतुवाद्यांना १०० चा हाय-पास लावतात, त्यांना आधीच सांगावं.

मग ल्यूटचा घुमणारा सूर शोधा. जाळीजवळ तोंड नेऊन खालच्या पट्टीत हळूच ‘ऊ’ गुणगुणत वर जा. एका सुरावर वाटी हाताला थरथरते. तो ट्यूनरवर बघून तिथेच अरुंद नॉच लावा, ३ ते ६ डेसिबलचा. नंतर कुणीही न वाजवता फेडर हळूहळू वर न्या, जिथे पहिली शिटी सुरू होते तिथे आणखी एक कपात, मग दुसरी. तीन-चारच्या पुढे जाऊ नका. त्यापुढे शिटी थांबत नाही, फक्त ल्यूट मरतो. माइक जवळ घ्या किंवा मॉनिटर कमी करा. शिटी लागते त्या पातळीपासून सहा डेसिबल खाली येऊन थांबा. सभागृह श्रोत्यांनी भरल्यावर आणि दिव्यांच्या उष्णतेने तातीच्या तारांचा सूर हलल्यावर बरंच काही बदलतं, तेवढी मोकळीक लागते.

पिकअपचा थोडा आवाज श्रोत्यांच्या स्पीकरमध्येही मिसळायचा असेल तर, ढोलकं आणि बेससोबत तसं करावं लागतंच, त्याला २५०-३०० हर्ट्झच्या वर कापा आणि वरचं सगळं माइकला द्या. दोन्ही एकत्र उघडल्यावर पिकअपची ध्रुवता उलटवून पाहा, ज्या बाजूला खर्ज भरीव लागतो ती ठेवा. माइक तबलीपासून १० सेंटिमीटरवर असेल तर त्याला आवाज ०.३ मिलिसेकंद उशिरा पोचतो. दोन्ही पूर्ण पट्टीत मिसळले तर १७०० हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो आणि आवाज नळीतून आल्यासारखा लागतो. डिजिटल मिक्सर असेल तर पिकअपला तेवढा विलंब द्या. नसेल तर वर सांगितलेली कपात पुरेशी आहे.

कार्यक्रमाआधी साउंडवाल्याला द्यायच्या कागदावर एवढं लिहावं: ल्यूटला दोन चॅनेल. पहिला माइक, ४८ व्होल्ट चालू, फक्त श्रोत्यांच्या स्पीकरला, मॉनिटरला शून्य. दुसरा डीआय, फक्त मॉनिटरला, आणि डीआय बॅटरीवर असेल तर फँटम बंद. हाय-पासचा आकडा. कॉम्प्रेसर नको, तो सूर विझताना पातळी वर ओढतो आणि नेमकी तेव्हाच शिटी लागते. वाद्य सुरात लावताना दोन्ही चॅनेल बंद ठेवावेत, आणि केबल काढण्याआधी हात वर करून खूण केली जाईल.